चूक दुरुस्तीत शून्य

वर्गात "भाऊसाहेब" अशी हाक मारली की सतरा माना एकदम वर व्हायच्या. आमच्याकडे तलाठ्याला भाऊसाहेबच म्हणतात, आणि माझा अख्खा वर्ग तलाठ्यांचा. तहसील कचेरीच्या मागचा हॉल, त्यात पाच कॉम्प्युटर, आणि शिकवायला मी. वय चोवीस, डिप्लोमा नुकताच झालेला, आणि तोंड असं की आई म्हणायची, हिला पगार बोलण्याचा मिळतो की शिकवण्याचा ते एकदा विचारून घ्या.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सातबारा म्हणजे जमीन कुणाच्या नावावर आहे, किती आहे, तिच्यात काय पिकतं हे सांगणारा तलाठ्याच्या हातचा कागद. तो कॉम्प्युटरवर चढवायचं सरकारने मनावर घेतलं होतं. ठेकेदाराची माणसं वह्या पुढ्यात ठेवून भराभर टाईप करत होती. ते बरोबर चढलंय, असं लिहून खाली सही करायची ती मात्र त्या त्या गावच्या तलाठ्याने. आता ज्यांनी उभ्या जन्मात टाईपरायटरलाही हात लावला नव्हता त्यांनी हे तपासायचं कसं? म्हणून हा वर्ग. दर रविवारी सकाळी दहा ते एक. शेवटी परीक्षा. जो पास होईल त्याला कचेरीतल्या कॉम्प्युटरच्या खोलीत बसून स्वतःच्या गावांची नोंद तपासता येणार होती. बाकीच्यांना छापील याद्या मिळणार होत्या. त्या शेवटच्या आठवड्यात गठ्ठ्याने येतील आणि न वाचताच त्यांच्यावर सह्या होतील, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याचं कुणाला फारसं वाईटही वाटत नव्हतं.

माझे वडील नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर होते. दर रविवारी सकाळी मला एसटी स्टँडवर सोडताना ते म्हणायचे, "मोठी माणसं आहेत, जरा सांभाळून बोल." मी मान हलवायचे आणि साडेदहापर्यंत विसरायचे.

पहिल्या दिवशी सगळे आपापला बस्ता घेऊन आले. बस्ता म्हणजे लाल कापडात बांधलेलं दप्तर. मी म्हटलं, ते बाहेर चपलांपाशी ठेवा, इथे धूळ चालत नाही. चपला मुकाट्याने बाहेर राहिल्या, बस्ता एकानेही सोडला नाही. सतरा जण सतरा बस्ते मांडीवर घेऊन बसले. मी कपाळावर हात मारला आणि भाषण सुरू केलं. ते भाषण मला पाठ होतं. त्यातलं माझं सगळ्यात आवडतं वाक्य असं होतं: "कॉम्प्युटरची खरी मजा काय, तर इथे चूक दिसतच नाही. हे बटण दाबा. बॅकस्पेस. चूक गायब. कुणाच्या बापाला कळणार नाही."

इतर वर्गांत या वाक्याला हशा यायचा. इथे मागच्या बाकावरून एक शांत आवाज आला.

"बाई, मंग हे तर लईच वाईट यंत्र म्हनायचं."

बाकी सगळे मला मॅडम म्हणत. हा एकटा माणूस बाई म्हणायचा, शाळेतल्या बाईंना म्हणावं तसं. अठ्ठावन्नाला टेकलेला, सडपातळ, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. वर्गातला वयाने सगळ्यात मोठा, म्हणून मी त्यांना थोरले भाऊसाहेब म्हणू लागले. शाळेच्या दाखल्यावर बहुतेकांची असते तशी त्यांचीही जन्मतारीख एक जून होती, त्यामुळे एकतीस मे रोजी ते निवृत्त होणार होते. तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. म्हणजे उणेपुरे सहा महिने. या वयात, घरी जायच्या तोंडावर, ह्यांना कॉम्प्युटर कशाला हवा, असं त्यांच्याच बरोबरीचे लोक हसून विचारायचे.

मी पण विचारलं. ते म्हणाले, "बाई, तीन गावं हायेत माझ्याकडं. जाताना सही माझी राहनार. वाचल्याबिगर मी आजवर कुठं सही केली न्हाई."

शिकायला ते वाईट नव्हते. एका बोटाने टाईप करायचे, पण ते बोट चुकीच्या जागी फारसं पडत नसे. बटणांवर आम्ही मराठी अक्षरांचे कागदी तुकडे चिकटवले होते. घरी सरावाला कॉम्प्युटर कुठला? तर त्यांनी पुठ्ठ्यावर बटणांचा अख्खा नकाशा काढला आणि एसटीत मांडीवर ठेवून बोट फिरवत यायचे. मला हे कळलं ते त्यांच्या एका सोबत्याकडून, आणि त्याने ते चेष्टा म्हणून सांगितलं होतं. मला चेष्टा वाटली नाही. माझ्या कॉलेजच्या वर्गात एवढी मेहनत एकानेही घेतली नव्हती, मी धरून.

पण बॅकस्पेस? नाव काढू नका. एक अक्षर चुकलं की त्यांचं बोट हवेत थांबायचं. मग ते चुकलेलं तसंच ठेवायचे, कंस करायचे, आणि पुढे बरोबर शब्द लिहायचे. मी सांगितलं, चिडले, त्यांचं बोट धरून त्या बटणावर ठेवलं. चुलीवरचा तवा लागल्यासारखं बोट तिथून मागे आलं.

"भाऊसाहेब, अहो यात गुन्हा काय आहे?"

"बाई, गुन्हाच हाय. आमच्यात चूक झाली तर तिच्यावर एकच रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पायजे. वर बरोबर लिहायचं, बाजूला सही. खाडाखोड केली, खरवडलं, पान बदललं, तर मानूस घरी जातो. तेहतीस वर्षं झाली, माझ्या दप्तरात एक खाडाखोड कुनी दाखवावी."

मग आवाज न चढवता त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील त्यांच्या गावच्या चावडीच्या पायरीखाली उभे राहायचे. वर चढायची मुभा नव्हती. बोलावणं आलं की धावायचं, सांगितलं ते करायचं. छप्पन साली घराने बौद्ध धम्म घेतला आणि त्यानंतर वडिलांनी मुलाला शाळेतून काढायचं नाव घेतलं नाही. "मी तलाठी होऊन चावडीत खुर्चीवर बसलो ना बाई, तवापासून कितीतरी डोळं माझ्या वहीवर हायेत. ह्याच्या हातची एक चूक सापडू दे, म्हनून."

उत्तर नसलं की मी आणखी चिडते, ही माझी खोड. मी म्हटलं, "परीक्षेत असं केलंत तर मार्क मिळणार नाहीत, सांगून ठेवते."

जानेवारीत परीक्षा झाली. चार भाग, प्रत्येकी दहा गुण: टायपिंग, फाईल साठवणं, प्रिंट काढणं, आणि चूक दुरुस्ती. प्रत्येक भागात निदान चार गुण लागायचे. थोरल्या भाऊसाहेबांनी एका पानाचं पत्र टाईप केलं, फाईल नीट साठवली, प्रिंट काढली. मग ती प्रिंट टेबलावर घेऊन त्यांनी खिशातून लाल पेन काढलं, पट्टी काढली, आणि नऊ चुकांवर नऊ सरळ रेघा मारून, वर बरोबर शब्द लिहून, नऊ सह्या ठोकल्या. कॉम्प्युटरवरून निघालेलं ते पान सरकारी पंचनाम्यासारखं दिसत होतं. त्यांचं बघून आणखी तिघांनी तेच केलं.

माझा संताप झाला. सगळ्यांदेखत मी ते पान वर धरून म्हटलं, "हे हाताने लिहायचं होतं तर लाखाची मशीनं कशाला आणली?" आणि मार्कांच्या तक्त्यावर त्यांच्या नावापुढे, चूक दुरुस्तीच्या रकान्यात, मोठं ठसठशीत शून्य काढलं. इतकं दाबून की खालच्या कागदावरही उमटलं.

नापास. बाकी तीन भागांत त्यांना माझ्या लाडक्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त मार्क होते. त्यांनी तक्ता वाचला, "बरं" म्हणाले, बस्ता उचलला आणि चपला घालून गेले. मला वाटलं, आता येत नाहीत.

पुढच्या रविवारी दहाला पाच कमी असताना ते दारात उभे. हातात दोनशे पानी नवी वही. तिच्यात त्यांनी पट्टीने रकाने आखले होते: तारीख, काय चुकलं, काय पाहिजे होतं, कुणाची चूक, सही.

"बाई, रातभर इचार केला. यंत्राला चूक ठेवता येत न्हाई, तर मी ठेवतो. इकडं वहीत लिहितो, सही करतो, मंगच तुमचं बटन दाबतो. चालंल का?"

मी काय म्हणणार? नियमात कुठे वही आणू नये असं लिहिलं नव्हतं. त्या दिवसापासून त्यांची पद्धत ठरली. अक्षर चुकलं की उजवा हात बटणांवरून उठायचा, पेन उचलायचा, वहीत "ल ऐवजी र" अशी नोंद करायचा, सही करायचा आणि मग बॅकस्पेस दाबायचा. एका पानाला वेळ लागायचा तो लागायचाच. पण बघता बघता एक गंमत झाली. प्रत्येक चुकीला सही करावी लागत असल्याने त्यांच्या चुका कमी होत गेल्या. बाकीचे भराभर चुकत आणि भराभर पुसत, आणि पुढच्या ओळीत तेच चुकत. फेब्रुवारीच्या अखेरीस फेरपरीक्षा झाली तेव्हा थोरल्या भाऊसाहेबांच्या पानावर दोनच चुका झाल्या होत्या. दोन्ही वहीत नोंदलेल्या आणि पानावरून गेलेल्या. मी त्यांना पास केलं. तो नवा तक्ता कचेरीत गेला, जुना माझ्या फाईलला राहिला.

मार्चपासून त्यांना कॉम्प्युटरची खोली मिळाली. आठवड्यातून दोन दुपारी. बाहेर ऊन रणरणत असायचं आणि आत ते गार खोलीत स्वेटर घालून बसायचे, कारण मशीनसाठी लावलेला एसी माणसांसाठी फार होता. लाईट गेली की दारात येऊन उभे राहायचे, आली की पुन्हा आत. रविवारच्या वर्गाला यायचं मात्र त्यांनी सोडलं नाही. पास होऊनही हा एकटा दर रविवारी कशाला येतो, तर म्हणे अडलेलं विचारायला. खरं तर बाकीच्यांचं अडलेलं तेच सोडवायचे. मी आरडाओरडा करायचे आणि ते माझ्या पाठीमागून जाऊन हळू आवाजात समजावून यायचे. मी हे बघून न बघितल्यासारखं करायचे.

तपासण्याची त्यांची तऱ्हाही वेगळीच. इतर लोक स्क्रीन आणि सातबाऱ्याची चालू वही एवढंच जुळवून बघायचे. आदेश तेवढाच होता. हे मात्र त्याच्या मागे जायचे, फेरफाराच्या जुन्या वहीपर्यंत. कुणी वारलं, कुणी जमीन घेतली, वाटण्या झाल्या की ज्या वहीत आधी नोंद होते ती ही वही. ते म्हणायचे, वारसाचं नाव आधी तिथं जन्माला येतं, सातबाऱ्यात नंतर चालत येतं.

मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी वर्ग सुटल्यावर ते थांबले. सगळे गेल्यावर माझ्या टेबलासमोर येऊन बसले. मांडीवर बस्ता. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता.

"बाई, एक इचारायचं हुतं. मी आता यंत्रात एखादं नाव घातलं, तर आधी ते तिथं नव्हतं हे कुनाला कळंल का?"

"नाही," मी म्हटलं. "अजून तपासणी चालू आहे. सगळं बंद होईपर्यंत तुम्ही काहीही बदललंत तरी माग राहत नाही. का हो?"

त्यांनी बस्ता सोडला आणि दोन वह्या माझ्यापुढे उघडल्या. फेरफाराच्या वहीत एक शेतकरी वारल्याची नोंद होती: वारस तीन मुलगे आणि एक मुलगी. दुसरी वही सातबाऱ्याची. ही वही जुनी होऊन भरली की नव्याने उतरवून काढतात. त्यात तीन मुलगे होते. तिघांची नावं पानाच्या तळाशी संपत होती. पान उलटताना चौथं नाव राहून गेलं होतं. ठेकेदाराच्या माणसाने बिचाऱ्याने जे होतं तेच कॉम्प्युटरवर चढवलं होतं. त्याची चूक काहीच नव्हती.

"ही वही कुणी उतरवली?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला अक्षर ओळखू आलं. सुबक, उभं, ताठ. पुठ्ठ्यावरच्या बटणांच्या नकाशावरही तेच होतं.

"मी," ते म्हणाले. "एकोनीस वर्षांखाली. पोरगी पारनेरकडं दिलेली हाय. आता म्हातारी झाली असंल. तिला ठावूकबी न्हाई की कागदावर ती बापाची कुनी लागत न्हाई."

मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. मला वाटलं होतं, काही भयंकर आहे. मी लगेच म्हटलं, "मग घाला ना नाव आणि मोकळे व्हा. बाईचा हक्क बाईला मिळाला, तुमची वही कोण बघतंय? महिनासुद्धा उरला नाही तुमचा. उगीच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नका."

मी हे मनापासून म्हटलं होतं. आजही मला त्यात सगळं चुकीचं वाटत नाही. वर पंखा फिरत होता आणि वहीचं पान सारखं उलटू बघत होतं, त्यावर त्यांनी तळहात ठेवला होता.

"तसं न्हाई जमायचं, बाई. नाव गुपचूप घातलं तर उद्या तिचं भाऊ म्हनतील, हे मागून घुसडलं. कशावरून आधीपासून हुतं? मंग ती खोटी पडंल. तिचं नाव खरं व्हायचं असंल तर माझी चूक दिसली पायजे."

मी फेरफाराची वही जवळ ओढून ती नोंद पुन्हा वाचली.

"आनि माझ्या बापाला मी काय सांगू?" ते म्हणाले, आणि उठले. वडील जाऊन त्यांना वीस वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तहसीलदारांच्या नावे अर्ज दिला. तो त्यांनी स्वतः कॉम्प्युटरवर टाईप केला होता, एका बोटाने. हस्तदोष माझा, मूळ नोंद अमुक, राहिलेलं नाव अमुक, दुरुस्ती व्हावी. व्हायचं तेच झालं. त्यांना कारणे दाखवा नोटीस निघाली. भावांना नोटिसा गेल्या, भाऊ कचेरीत येऊन तावातावाने बोलून गेले. सोबतचे म्हणाले, म्हाताऱ्याला अवदसा आठवली, बसल्या जागी आग लावून घेतली. एक जण तर माझ्यादेखत म्हणाला, "तेहतीस वर्षं ज्याचा टेंभा मिरवला तो शेवटी स्वतःच विझवला." मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढचे दोन रविवार तो वर्गाला आला नाही.

पण मेच्या शेवटच्या आठवड्यात दुरुस्तीचा आदेश झाला. जुन्या फेरफाराचा पुरावाच इतका स्वच्छ होता की भावांकडे बोलायला काही उरलं नाही. पारनेरकडची ती म्हातारी कचेरीत आली होती. नऊवारी, हातात पिशवी, सोबत नातू. तिला काय घडलंय ते नीट कळलंही नसावं. ती थोरल्या भाऊसाहेबांना म्हणाली, "दादा, माझं नाव घातलंत, लई उपकार झालं." ते म्हणाले, "उपकार न्हाई, आक्का. माझ्यानंच गेल्तं." तिने मान हलवली, पिशवीतून चार आंबे काढून टेबलावर ठेवले. त्यांनी ते सगळ्या कचेरीला कापून वाटले.

एकतीस मेला त्यांचा निरोपसमारंभ त्याच हॉलमध्ये झाला, आमच्या पाच कॉम्प्युटरांना चादरी घालून. नोटिशीचा निकाल अजून लागायचा होता, त्यामुळे वातावरण अवघडलेलं. शाल, श्रीफळ झालं. एक वरिष्ठ कारकून ठरलेलं भाषण वाचायला उभे राहिले. निरोपाच्या भाषणांत सगळ्यांसाठी जे वाक्य असतं ते आलंच: "तेहतीस वर्षांची निष्कलंक सेवा..." आणि थोरले भाऊसाहेब खुर्चीतून उठले.

"साहेब, तेवढा शब्द काढा. एक डाग हाय. मी लिहून दिलाय."

ते काही नाटक करत नव्हते. कागदावर चुकीचं काही जाऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. कारकुनांनी गोंधळून तहसीलदारांकडे बघितलं. तहसीलदारांनी चष्मा काढला आणि तो पुसत बसले. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

समारंभ संपल्यावर त्यांनी ती दोनशे पानी वही माझ्या हातात दिली. "आता मला यंत्र कुठं? तुमच्याकडं राहू द्या." घरी येताना एसटीत मी ती चाळली. ल ऐवजी र. कानाऐवजी वेलांटी. पानंच्या पानं, प्रत्येक ओळीपुढे सही. शेवटची नोंद मे महिन्यातली होती. काय चुकलं: एका मुलीचं नाव. काय पाहिजे होतं: तेच नाव. कुणाची चूक: माझी. सही.

घरी पोचल्यावर मी कपाटातून जानेवारीच्या परीक्षेचा तक्ता काढला. त्यांच्या नावापुढे, चूक दुरुस्तीच्या रकान्यात, माझं ते शून्य होतं. मी वडिलांच्या खिशातलं लाल पेन घेतलं. पट्टी लावून शून्यावर एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर दहा लिहिलं. बाजूला सही केली.